सुंदर आहे म्हणून खरं?

विश्वाच्या जन्मावरची कुठलीही रील काढा. काळा पडदा, मधोमध एक ठिपका, धडाम संगीत आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत तो ठिपका भसकन फुगतो. खाली ओळ येते, ‘सायन्सनं सिद्ध केलंय’. बघणाऱ्यांचे लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो, ‘भन्नाट!’ दुसरा म्हणतो, ‘तिथं कोण बघायला गेलं होतं? सगळ्या थापा.’ माझं म्हणणं असं, की दोघांचाही समज एकच आहे. विज्ञानात फक्त दोनच शिक्के असतात, ‘सिद्ध’ आणि ‘थाप’, असं दोघांनाही वाटतं. खरी मजा आणि खरं काम या दोन शिक्क्यांच्या मध्ये चालतं. त्याचं आजचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे हे फुगणंच.

याला इंग्रजीत इन्फ्लेशन म्हणतात. (महागाईशी संबंध नाही, नाव तेवढं एक.) आपण स्फीती म्हणू. ही कल्पना आली ती एका कोड्यातून. आकाशाच्या सगळ्या बाजूंनी आपल्याकडे एक अतिशय जुना प्रकाश येत असतो. विश्व साधारण ३ लाख ८० हजार वर्षांचं असताना तो सुटला. आज त्याचं तापमान सुमारे २.७ केल्विन, म्हणजे उणे २७० अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. गंमत अशी, की आकाशाच्या या टोकाला मोजा नाहीतर त्या टोकाला, तापमान तेच. फरक पडतो तो लाखात एखाद्या भागाचा.

यात कोडं काय? समजा, गडचिरोलीच्या परीक्षा केंद्रावरचा एक पेपर आणि सिंधुदुर्गच्या केंद्रावरचा दुसरा, दोन्हीतली उत्तरं शब्दशः सारखी निघाली. दोघांची ओळख नाही, फोन नाही. तुम्ही काय म्हणाल? कधीतरी ही मुलं एकाच क्लासला असणार. साध्या महास्फोटाच्या हिशेबात आकाशाची ही दोन टोकं एकमेकांना कधीच भेटलेली नव्हती. एकाकडचा प्रकाश दुसऱ्यापर्यंत पोचायला वेळच मिळाला नव्हता. मग तापमान जुळलं कसं?

अमेरिकेत ॲलन गुथ या तरुण संशोधकानं डिसेंबर १९७९ मध्ये यावर उत्तर शोधलं आणि जानेवारी १९८१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. ही दोन टोकं आधी खरंच ‘एकाच क्लासला’ होती. मग सेकंदाच्या कल्पनेपलीकडच्या लहान भागात विश्व निदान एकावर २६ शून्यं इतक्या पटीनं ताणलं गेलं आणि शेजारी एकमेकांच्या नजरेआड गेले. रशियात अलेक्सेई स्टारोबिन्स्की वेगळ्या वाटेनं अशाच कल्पनेपर्यंत आधीच पोचले होते. गुथ यांच्या मूळ आराखड्यात एक अडचण होती. हे ताणणं नीट थांबत नव्हतं. १९८२ मध्ये आंद्रे लिंडे यांनी, आणि स्वतंत्रपणे आंद्रेआस आल्ब्रेख्ट आणि पॉल स्टाइनहार्ट यांनी, ती दुरुस्त केली.

ठीक. पण ताणलं कुणी? इथं आपल्या लेखाचा खरा नायक येतो. स्केलर फील्ड, म्हणजे अदिश क्षेत्र.

घाबरू नका, हे तुम्ही शाळेत शिकलायत. अंतर ही अदिश राशी, विस्थापन ही सदिश राशी, आठवतंय ना? हवामानाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. नागपूर ४२, पुणे ३६, महाबळेश्वर २९. प्रत्येक जागेला एक आकडा, बस. हे झालं अदिश क्षेत्र. त्याच नकाशावर वाऱ्याचे बाण काढले, की प्रत्येक जागेला आकडाही आला आणि दिशाही. ते सदिश. विश्व ताणणारं क्षेत्र अदिशच असावं, असं मानायला सरळ कारण आहे. ते सदिश असतं, तर त्याचा बाण कुठल्यातरी एका बाजूला रोखलेला असता आणि आकाश त्या बाजूला वेगळं दिसलं असतं. तसं ते दिसत नाही.

या क्षेत्राची ऊर्जाही विचित्र आहे. डब्यात वायू भरून डबा मोठा केला, तर वायू विरळ होतो. हे क्षेत्र मात्र जवळजवळ स्थिर असेल तर जागा कितीही वाढो, त्याच्या ऊर्जेची घनता जवळपास तेवढीच राहते. आइन्स्टाइनच्या सिद्धांतात दाबालाही गुरुत्व असतं. अशा क्षेत्राचा दाब ऋण असतो आणि त्यामुळे गुरुत्वाकर्षण चक्क ओढण्याऐवजी ढकलू लागतं. जागा वाढते, वाढलेल्या जागेतही तीच ऊर्जा असते, म्हणून ती आणखी वाढते.

मग थांबतं कसं? आपल्या सह्याद्रीचा छेद कागदावर काढा. देशावर लांबलचक पठार, मग एकदम कडा, खाली कोकण. पठारावर एक चेंडू हळूहळू घरंगळतोय. चेंडूची जागा म्हणजे क्षेत्राचा आकडा आणि उंची म्हणजे त्यात साठलेली ऊर्जा. (चेंडू खऱ्या अवकाशात कुठं जात नाही हं, बदलतो तो आकडा.) चेंडू पठारावर असेपर्यंत स्फीती चालू. कड्यावरून कोसळला, की स्फीती संपली. खाली तळाशी तो डुगडुगत थांबतो आणि साठलेली ऊर्जा कणांमध्ये, उष्णतेत मोकळी होते. तुमच्या-माझ्या शरीरातल्या द्रव्याची सुरुवात या हिशेबानं तिथली. आणि हा चेंडू पुंज नियमांमुळे पठारावरही किंचित थरथरत असतो. ती थरथर ताणली गेली, तिच्यामुळे कुठं द्रव्य कणभर जास्त, कुठं कणभर कमी झालं. त्या जास्तीतूनच पुढे दीर्घिका उभ्या राहिल्या.

आहे ना सुंदर? माझा मुद्दा इथूनच सुरू होतो.

या क्षेत्राला ‘इन्फ्लेटॉन’ असं नावही देऊन झालंय. पण तो कण कुणालाही सापडलेला नाही. निसर्गात मूलभूत अदिश क्षेत्र असू शकतं, याचा एकमेव पुरावा म्हणजे ४ जुलै २०१२ रोजी सर्ननं जाहीर केलेला हिग्ज बोसॉन. हिग्जच इन्फ्लेटॉन असेल का, यावरही काम झालंय, पण ठरलेलं काही नाही. पठाराचा आकार काय, कडा कुठं, हे वरून कुणी सांगितलेलं नाही. तो आपणच काढायचा. लोकांनी काढले! २०१३ मध्ये तीन संशोधकांनी यातल्या फक्त साध्या मॉडेल्सची मोजदाद केली, तीच सत्तरच्या वर गेली.

टीकाकारांचा आक्षेप नेमका हाच. पाहिजे तसा डोंगर काढायची मुभा असेल, तर कुठल्याही निरीक्षणाला जुळणारा डोंगर सापडणारच. मग हा सिद्धांत चुकणार कधी? हा आक्षेप बाहेरच्या कुणाचा नाही. वर ज्यांचं नाव आलं, ते पॉल स्टाइनहार्टच आज स्फीतीच्या सगळ्यात कडक टीकाकारांपैकी आहेत. २०१७ मध्ये त्यांनी दोन सहकाऱ्यांसह एका मासिकात हा आक्षेप जाहीरपणे मांडला. त्यावर गुथ, लिंडे, स्टीफन हॉकिंग यांच्यासह ३३ शास्त्रज्ञांनी सह्या करून उत्तर दिलं. ज्यानं घर बांधायला हात लावला, तोच पाया तपासा म्हणतोय. याला मी भांडण म्हणणार नाही, ही तब्येत चांगली असल्याची खूण आहे.

मला स्वतःला स्टाइनहार्ट यांचा प्रश्न शंभर टक्के पटतो, निष्कर्ष मात्र अर्धाच पटतो. कारण हे डोंगर मरतात, हे आपण बघितलंय. स्फीतीचं म्हणणं होतं, की लहान-मोठ्या आकाराच्या चढउतारांची ताकद जवळजवळ सारखी असेल, पण अगदी तंतोतंत नाही. तंतोतंत सारखी असती तर एक ठरावीक आकडा १ आला असता. व्याचेस्लाव म्युखानोव्ह आणि गेनादी चिबिसोव्ह यांनी १९८१ मध्येच या चढउतारांचं गणित मांडलं होतं. प्लँक उपग्रहानं २०१८ मध्ये आकडा दिला, सुमारे ०.९६५. थोडासा कमी. हा गुण स्फीतीच्या पदरात पडला. पण त्याच जुन्या प्रकाशात स्फीतीच्या गुरुत्वीय लहरींचीही खूण दिसायला हवी. वाटीसारखा सगळ्यात साधा, पुस्तकांत पहिल्यांदा शिकवला जाणारा उतार घेतला, तर ही खूण एव्हाना मापात दिसायला हवी होती. ती दिसली नाही. वाटी बाद.

मधल्या काळात ती ‘दिसली’ही होती. १७ मार्च २०१४ रोजी दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या गटानं या लहरींची खूण मिळाल्याचं जाहीर केलं. जगभर मथळे झळकले. त्या गटातला एक शास्त्रज्ञ लिंडे यांच्या घरी बातमी द्यायला गेला, तो व्हिडिओ तुफान चालला. त्यात आनंदानं गहिवरलेले लिंडे एक शंकाही बोलून दाखवतात, की हे निव्वळ सुंदर आहे म्हणून तर मी यावर विश्वास ठेवत नाही ना? २०१५ च्या सुरुवातीला प्लँकच्या मोजमापांशी ताळा केल्यावर कळलं, की त्या खुणेचं मोठं कारण आपल्याच आकाशगंगेतली धूळ होती. दावा मागे पडला. मथळे मात्र मागे कुणी घेतले नाहीत. जाहीर झाल्याची बातमी पहिल्या पानावर, धुळीची बातमी आत कुठंतरी. तीसहून जास्त वर्षं या कल्पनेवर घालवलेला माणूस ऐन आनंदात जी शंका घेतो, ती मथळा देणारे आणि तो फॉरवर्ड करणारे आपण का घेत नाही?

अदिश क्षेत्रानं विश्व ताणायची कल्पना गुथच्याही आधीची आहे आणि त्यात आपला माणूस होता. १९६० च्या दशकात केंब्रिजमध्ये फ्रेड हॉईल आणि कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर यांनी ‘सी-फील्ड’ मांडलं. तेही अदिश क्षेत्रच. त्यातही विश्व झपाट्यानं ताणलं जातं, पण नवं द्रव्य तयार होत राहतं आणि घनता तेवढीच राहते. याच स्थिर स्थिती सिद्धांतानं स्वतःचा गळा स्वतःच पुढे केला होता. विश्व पूर्वीही आजच्यासारखंच होतं, असं त्याचं ठाम म्हणणं. १९६५ मध्ये तो जुना प्रकाश सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी हा सिद्धांत सोडला. नारळीकर सरांनी हार मानली नाही. सहकाऱ्यांसह १९९३ मध्ये त्यांनी सुधारित रूप मांडलं आणि महास्फोटावरचे प्रश्न ते शेवटपर्यंत विचारत राहिले. २० मे २०२५ रोजी ते गेले, तेव्हा आपण सगळ्यांनी त्यांच्या विज्ञानकथा आणि आयुका आठवली. ते बरोबरच. पण बहुमताच्या विरोधात, गणित हातात धरून, आयुष्यभर उभं राहणं हाही त्यांचा वारसा आहे आणि त्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

हे सगळं तुम्हाला का सांगायचं? कारण तुमच्यातले काही जण फिजिक्स घेणार आहात आणि घरचे विचारणार आहेत, ‘जे आहे की नाही तेच माहीत नाही, त्यावर पाच-सहा वर्षं पीएचडी? उपयोग काय?’ प्रश्न रास्त आहे, टाळू नका. उत्तर एवढंच, की वाटीचा उतार बाद करायला हजारो लोकांची वर्षं लागली आणि ती फुकट गेली नाहीत. आता चिलीच्या अटाकामा वाळवंटात सायमन्स वेधशाळा त्याच लहरींचा माग काढतेय, जपानच्या पुढाकारानं लाइटबर्ड उपग्रहाची आखणी चाललीय. लहरी सापडल्या तर इतिहास घडेल. नाही सापडल्या तर आणखी काही डोंगर पडतील. दोन्हीकडून आपलं ज्ञान वाढणारच.

आणि जे फिजिक्स घेणार नाहीत, त्यांच्यासाठी एक सवय. कुणीही कितीही देखणा दावा केला, मग तो विश्वाचा असो, डाएटचा असो, शेअर बाजाराचा असो की आपल्या आवडत्या नेत्याचा, त्याला एकच विचारायचं: ‘काय दिसलं तर तुम्ही चुकलात असं तुम्हीच मान्य कराल?’ उत्तर आलं तर पुढचं ऐकायचं. ‘आमचं चुकूच शकत नाही’ असं आलं, तर पुढची रील.