पापणीवरचे अभ्रक

मराठी समीक्षेला रंगाचे वावडे नाही. कथेला ‘गडद छटा’ असतात, कवितेचा ‘पोत’ तलम असतो, निवेदन ‘एकरंगी’ किंवा ‘बहुरंगी’ ठरते, आणि जुन्या काव्यशास्त्राने तर ‘अलंकार’ या एका शब्दाभोवती विचाराची अख्खी परंपरा उभी केली. मात्र ज्या वस्तूंवरून ही रूपके उचलली, त्या वस्तूंकडेच गंभीरपणे पाहायची वेळ आली की आमची समीक्षा घसा खाकरून विषय बदलते. प्रसाधन हा बायकांच्या पुरवणीचा विषय, असा एक अलिखित करार तिने मनाशी केलेला दिसतो. आम्हाला हा करार मान्य नाही. जी वस्तू असंख्य माणसे रोज स्वतःच्या चेहऱ्यावर लावतात, तिच्यात चेहऱ्याविषयीचे काही ना काही मत दडलेले असणारच. ते मत वाचून दाखवणे हे समीक्षेचेच काम आहे.

या लेखापुरती आम्ही एकच वस्तू निवडली आहे: डोळ्यांच्या पापण्या रंगवण्याची महागडी पेटी, म्हणजे आयशॅडोची पॅलेट. ‘महागडी’ म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून दोन उदाहरणे देतो. पॅट मॅकग्रा या ब्रिटिश रंगभूषाकर्तीने २०१७ मध्ये ‘मदरशिप’ नावाच्या पॅलेट बाजारात आणल्या. दहा रंगांच्या त्या पेटीची किंमत १२५ डॉलर होती. पुढे २०२५ मध्ये लुई व्हितॉन या फ्रेंच फॅशनगृहाने याच बाईंच्या देखरेखीखाली प्रसाधने काढली, तेव्हा चार रंगांच्या पेटीला २५० डॉलर पडू लागले. रुपयांत हा आकडा वीस हजारांच्या वर जातो.

एवढ्या पैशांत मिळते काय? शंखजिरे, अभ्रक, टायटॅनियमचा पांढरा भुगा, लोहाची ऑक्साइडे, आणि हे सारे दाबून वडी बांधण्यापुरते तेल. त्यातली तांबडी लोहभुकटी रसायनशास्त्राच्या दृष्टीने तुळशीवृंदावनाला लावतात त्या गेरूच्याच कुळातली. फक्त ती कारखान्यात, शुद्ध रूपात तयार केलेली असते. पिवळ्या मातीचेही तेच. हे सांगण्यात आमचा हेतू कुचेष्टेचा नाही. व्हायोलिनही शेवटी लाकूड आणि तारा यांचेच असते. भुकटी किती बारीक दळली, किती घट्ट दाबली, पापणीवर ती किती सहज पसरते आणि किती वेळ टिकते, यांत खरे कौशल्य आहे आणि त्या कौशल्याला किंमत असावी. आमचा प्रश्न वेगळा आहे. ही पेटी तयार करणाऱ्याने कोणाची पापणी डोळ्यांसमोर ठेवली होती?

हा प्रश्न आजचा नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात आहार्य अभिनयाच्या विवेचनात रंगभूषेचा तपशील येतो, आणि तिथे मूळ रंग चारच सांगितले आहेत: पांढरा, निळा, पिवळा आणि तांबडा. पांढरा व पिवळा मिळून पांडुवर्ण, पांढरा व तांबडा मिळून कमळाचा रंग, निळा व पिवळा मिळून हिरवा, निळा व तांबडा मिळून काषाय, अशी मिश्रणांची यादी आहे. चार कप्प्यांची ही पेटी पाहून कोणत्याही आधुनिक रंगभूषाकाराला आनंदच होईल. पण त्याच विवेचनात थोडे पुढे कोणत्या पात्राला कोणता वर्ण द्यावा याचेही नियम येतात. ब्राह्मण आणि क्षत्रिय गौर रंगवावेत, वैश्य आणि शूद्र श्याम; किरात, आंध्र, द्रमिल, पुलिंद आणि दाक्षिणात्य यांना बहुधा काळे रंगवावे. म्हणजे रंगांचे मिश्रण शिकवणाऱ्या ग्रंथातच रंगाची उतरंडही शिकवलेली आहे. रंगपेटी आणि समाज यांचे नाते इतके जुने आहे, आणि आम्ही दाक्षिणात्य त्यात कोणत्या बाजूला उभे आहोत हेही स्पष्ट आहे.

आता आजच्या पेटीकडे येऊ. नुसते तत्त्व सांगून भागणार नाही म्हणून आम्ही तिघींनी एक परदेशी पॅलेट आठवडाभर वापरून पाहिली. तिच्या कंपनीचे नाव देत नाही. आमचा मुद्दा एका कंपनीपुरता नाही. विवाहविषयक जाहिरातींच्या भाषेत सांगायचे तर आमच्यात एक गोरी, एक गव्हाळ, आणि तिसरी अशी की जिच्या वर्णाचा उल्लेख अशा जाहिरातींत गाळण्याची पद्धत आहे. वयेही तिशीपासून पन्नाशीच्या पुढेपर्यंत पसरलेली. एकाच पेटीतून चार वेगवेगळी रूपे, ज्यांना आता सगळेच ‘लुक’ म्हणतात, साधायची असे ठरवले.

पहिला लुक दिवसाचा, ‘न्यूड’. या शब्दाचा इतिहास छोटा पण बोलका आहे. अर्बन डिके या अमेरिकी कंपनीने २०१० मध्ये बारा तपकिरी-करड्या रंगांची ‘नेकेड’ ही पॅलेट काढली, आणि २०१८ मध्ये ती बंद होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक स्पर्धक कंपनीने तशीच एखादी पेटी काढून पाहिली. नग्न म्हणजे त्वचेच्या रंगाचे. पण कोणाच्या त्वचेच्या? आमच्या पेटीतल्या फिक्या, चमक नसलेल्या तीन कप्प्यांनी उत्तर दिले. गोऱ्या पापणीवर ते जवळजवळ दिसेनासे झाले, आणि तसेच व्हावे अशीच त्यांची योजना होती. गव्हाळ पापणीवर ते पिठासारखे बसले. सावळ्या पापणीवर राख फासल्यासारखे दिसले. कारण साधे आहे. फिका मॅट रंग साधायला पांढऱ्या भुकटीचे प्रमाण वाढवावे लागते आणि गडद त्वचेवर ती पांढरी भुकटी करडी दिसते. गडद त्वचेचा ‘न्यूड’ करता येत नाही असे मुळीच नाही. त्यासाठी त्या त्वचेच्या आसपासचे रंग पेटीत असावे लागतात. दहापैकी तीन कप्पे एकीला निरुपयोगी ठरले. किंमत मात्र तिघींना तीच.

दुसरा लुक ‘स्मोकी’. पापणीच्या केसांपाशी गडद काळा-तपकिरी रंग लावून तो वरच्या बाजूला धुरासारखा विरवत न्यायचा. यात आम्हाला नवे काही शिकावे लागले नाही, कारण सकाळी घातलेले काजळ संध्याकाळपर्यंत जे करते त्याचेच हे शिस्तबद्ध रूप आहे. ब्रश चांगला असेल आणि हात हलका असेल तर हा लुक स्वस्त पेटीतूनही तितकाच साधतो. पैशांनी इथे फारसा फरक पडत नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो.

तिसरा लुक ‘कट क्रीज’. पापणीच्या घडीवर ठसठशीत गडद रेघ ओढायची आणि तिच्याखाली फिका रंग भरायचा, म्हणजे डोळा मोठा आणि खोल भासतो. १९६० च्या दशकात ट्विगी या इंग्लिश मॉडेलच्या डोळ्यांवरची ती कोरलेली रेघ जगभर गाजली. रंगमंचावर, लांबून दिसायला हवे म्हणून, तिचा उपयोग आहेच. या लुकचे गृहीतक रंगाविषयी नाही, आकाराविषयी आहे. पापणीला स्वच्छ दिसणारी घडी असते आणि डोळा उघडल्यावरही तिच्याखाली मोकळी जागा उरते, असे तो धरून चालतो. मणिपूरपासून जपानपर्यंत कितीतरी चेहऱ्यांवर ही घडी नसते. तिथे ती खोटी काढावी लागते. आमच्यातल्या पन्नाशी ओलांडलेलीची पापणी जराशी ओघळलेली आहे. अर्धा तास खपून काढलेली रेघ डोळे उघडताच आत गडप झाली. म्हणजे पेटी वर्ण गृहीत धरते, तशी तिच्यासोबत शिकवली जाणारी तंत्रे वंश आणि वयही गृहीत धरतात.

चौथ्या लुकने मात्र आमचा सूर बदलला. ‘हॅलो’ म्हणजे पापणीच्या दोन्ही टोकांना गडद रंग आणि मधोमध चमक. पेटीतली तांब्याच्या रंगाची चमकी आम्ही बोटानेच लावली. ती तिघींना शोभली, आणि सर्वांत अधिक सावळ्या पापणीवर खुलली. यालाही भौतिक कारण आहे. अशी चमकी म्हणजे अभ्रकाचे अतिसूक्ष्म पापुद्रे, त्यांवर टायटॅनियम किंवा लोहाच्या ऑक्साइडाचा थर. टायटॅनियमचा थर असेल तर त्याची जाडी काही दहा-वीस नॅनोमीटरनी बदलली की परावर्तित प्रकाश रुपेरी, सोनेरी, तांबूस किंवा निळा दिसतो. हा रंग प्रकाशाच्या लहरींच्या आपसांतल्या व्यवहारातून जन्मतो, आणि मागची भूमी जितकी गडद तितका तो ठळक होतो. पेटीत जे काही खरोखर भेदभाव करत नव्हते ते हे अभ्रक होते. चैनीच्या पॅलेटची सारी ख्यातीही याच चमकीवर उभी आहे.

आणि नेमक्या याच ठिकाणी दुसरा प्रश्न उभा राहतो. शाळेच्या भूगोलात आम्ही ‘अभ्रक: कोडर्मा’ असे पाठ केले होते. झारखंडमधील कोडर्मा आणि गिरिडीह, बिहारमधील नवादा हा तो पट्टा. एके काळी तिथे रीतसर खाणी होत्या. १९८० च्या वनसंरक्षण कायद्यानंतर त्यांतल्या पुष्कळशा बंद पडल्या, पण अभ्रक संपले नाही आणि गरजही संपली नाही. सोडून दिलेल्या खाणींतून, ढिगाऱ्यांतून अभ्रकाचे तुकडे वेचणे सुरू राहिले. तिकडे त्यांना ढिबरा म्हणतात. हे काम कुटुंबे करतात, आणि कुटुंबात मुलेही येतात. २०१६ मध्ये थॉमसन रॉयटर्स फाउंडेशनच्या बातमीदारांनी केलेल्या शोधात अवघ्या दोन महिन्यांत किमान सात मुले या बेकायदा खाणींत मरण पावल्याचे पुढे आले. पुढच्या वर्षी प्रसाधन आणि रंग उद्योगांतील कंपन्यांनी स्वयंसेवी संस्थांसह पॅरिसमध्ये ‘रिस्पॉन्सिबल मायका इनिशिएटिव्ह’ स्थापन केला. काहींनी प्रयोगशाळेत घडवलेले कृत्रिम अभ्रक वापरायला सुरुवात केली.

प्रत्येक पॅलेटमधले अभ्रक झारखंडचेच असते असे आम्ही म्हणत नाही. ते कुठले आहे हे पॅलेट सांगत नाही, एवढेच म्हणतो. पेटीच्या तळाशी बारीक अक्षरांत ‘मायका’ किंवा ‘सीआय ७७०१९’ असे छापलेले असते. वेचणारा, गावचा व्यापारी, निर्यातदार, रंगद्रव्य बनवणारा कारखाना, आणि मग फॅशनगृह, या साखळीतली एकही कडी त्या आकड्यातून दिसत नाही.

यावर दोन आक्षेप येतील आणि दोन्हींत तथ्य आहे. पहिला असा की अभ्रक मोटारींच्या चमकदार रंगात आणि विजेच्या उपकरणांतही असते, मग बायकांच्या पापण्यांनाच का धरायचे? अगदी खरे. शहरातल्या रस्त्यावर नव्या मोटारीच्या मोतिया रंगाला कोणी जाब विचारत नाही आणि आयशॅडोला मात्र लगेच नैतिकतेचे धडे मिळतात, यात स्त्रियांच्या हौसेविषयीचा जुना तिरस्कार आहे. आमचा लेख त्या तिरस्काराच्या बाजूने वाचला जाऊ नये. नटण्यात पाप नाही. दशावतारातला नट आरशासमोर बसून स्वतःच्या हाताने चेहरा रंगवतो, तेव्हा आम्ही त्याला कला म्हणतो. घरातल्या आरशासमोर बसलेल्या बाईच्या हातालाही तोच मान असावा.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कंपन्यांनी भारतीय अभ्रक घेणेच थांबवले तर ढिबरा वेचून जगणाऱ्या कुटुंबांचे काय? कृत्रिम अभ्रकाने ग्राहकाचा विवेक स्वच्छ होतो, पण त्या गावांत दुसरे काम निर्माण होत नाही. म्हणून बहिष्कार हे आमचे उत्तर नाही. काम कायदेशीर व्हावे, प्रौढांनी करावे, त्याला जगण्यापुरता दाम मिळावा, आणि मूल शाळेत असावे. चार रंगांना अडीचशे डॉलर घेणाऱ्या वस्तूला हे परवडत नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते ऐकून घेण्याची आमची तयारी नाही.

आम्ही हापूस घेताना पेटी देवगडची की कर्नाटकची हे चार वेळा विचारतो. फ्रेंच माणूस द्राक्षे कोणत्या गावच्या उतारावर पिकली हे बाटलीवर छापतो आणि त्याचे जादा पैसे घेतो. उगम सांगता येणे हेच तर उंची मालाचे लक्षण मानले गेले आहे. मग रंगपेटीच तेवढी अनाम का? मनगटावर रंगाच्या रेघा ओढून ‘किती गडद उतरतो, किती तास टिकतो’ एवढेच सांगणारे परीक्षण यापुढे अपुरे मानावे. हा रंग कोणत्या पापणीवर राख होतो आणि ही चमक कोणी वेचली, हेही परीक्षकाने विचारावे. कंपनीकडे उत्तर नसेल तर तसे लिहावे. त्या पेटीला ‘चैनीची’ म्हणायचे की नुसती ‘महाग’, हे मग वाचक ठरवतील.