प्रेसघरातला मुक्काम

समुद्रकाठच्या जुन्या गिरण्या आणि कोठारे हॉटेलांत बदलण्याचे काम अनेक बंदरांत झाले आहे. व्हेनिसमधील मोलिनो स्टकी ही पिठाची गिरणी २००७ मध्ये हॉटेल म्हणून उघडली. त्याआधी २००३ मध्ये दुरुस्ती चालू असतानाच तिला मोठी आग लागली होती. केपटाउन बंदरातल्या १९२४ च्या धान्यकोठीत २०१७ पासून खाली संग्रहालय आणि वर २८ खोल्यांचे हॉटेल आहे. मुंबईत कुलाब्याची मुकेश मिल अगदी पाण्याला लागून उभी आहे, पण ती मुख्यतः चित्रीकरणापुरतीच वापरात राहिली.

परभणी जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही इथले जुने कारखाने बंदराच्या ओढीनेच उभे राहिले. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद मीटरगेज मार्ग झाला आणि परभणी, सेलू, मानवत भागातला कापूस गाठी बांधून मुंबईकडे पाठवणे सोपे झाले. कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणाऱ्या जिनिंग-प्रेसिंगच्या या आवारांचे पुढे काय करायचे, हा प्रश्न वास्तुविशारदांपुढे आज ना उद्या येणारच. २००० मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या कापूस तंत्रज्ञान अभियानाने नव्या यंत्रांना आणि नव्या शेडना चालना दिली. तेव्हापासून जुन्या इमारतींची गरज कमी होत गेली.

अशा आवारात दोन वास्तू महत्त्वाच्या. जिनांची शेड लांबट आणि एकमजली असते. यंत्रांच्या रांगेप्रमाणे तिचे खण पडलेले असतात. प्रेसघर मात्र उंच. वरच्या मजल्यावरून रुई पेटीत भरायची, खालून दाब द्यायचा आणि गाठ बाहेर काढायची, या क्रमामुळे जमिनीत खड्डा आणि मजल्यात मोकळी जागा ठेवावी लागे. हॉटेल करताना पहिला मोह होतो तो ही मोकळी जागा स्लॅब टाकून बुजवण्याचा. त्यात दोन खोल्या वाढतात आणि प्रेसघर संपते. ती उंची स्वागतकक्षाला द्यावी आणि खोल्या जिनांच्या शेडमध्ये काढाव्यात. किती खोल्या, हे खणांनी ठरवावे. कर्जाच्या हप्त्याने नव्हे. प्रेस जागेवर असेल तर भंगारवाला येण्याआधी तिची मापे आणि छायाचित्रे घ्यावीत, कारण प्रेसघर तसे का बांधले याचा उलगडा तिच्यावाचून होत नाही.

समुद्रकाठी दगडात शिरणारा क्षार आणि लोखंडाचा गंज हे शत्रू असतात. परभणीत शत्रू पायाखाली आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि तिच्याबरोबर भिंतही हलते. तडा दिसला की लगेच सिमेंट भरणे ही घाई होय. तड्याच्या दोन्ही बाजूंना खुणा करून त्यांतले अंतर एक पावसाळा आणि एक उन्हाळा मोजत राहावे. तडा ऋतूप्रमाणे उघडतो-मिटतो की वाढतच जातो, हे त्यावरून कळते. दोन्हींचे उपाय वेगळे आहेत.

यातली खरी अडचण न्हाणीघरांची. कोरड्या कापसासाठी बांधलेल्या इमारतीत हॉटेल रोज पाणी आणते. एखादी नळी जोडापाशी गळू लागली की पायाखालची माती एकाच जागी फुगते आणि शंभर वर्षे टिकलेली भिंत तिथे तडकते. म्हणून न्हाणीघरे जुन्या भिंतीपासून सुटी ठेवावीत, नळ्या जमिनीत न गाडता उघडता येईल अशा चरातून न्याव्यात आणि सांडपाण्याची टाकी दूर बांधावी. भिंतीभोवती बाहेर उतार दिलेली फरसबंदी हवी. शोभेची हिरवळ भिंतीला टेकवून लावणे आणि तिला दररोज पाणी देणे हा त्याच आजाराचा दुसरा प्रकार आहे. चुन्यात बांधलेल्या भिंतीला गिलावाही चुन्याचाच हवा, नाहीतर ओल आत कोंडते.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पत्र्याखाली राहणे अशक्य. उष्णतारोधक थर छपराच्या कैच्यांच्या वर, पत्र्याच्या खाली बसवला तर कैच्या दिसत राहतात आणि वातानुकूलनाचा भारही कमी होतो.

आगीबाबत हयगय नको. तेल मुरलेले लाकूड आणि सांदीकोपऱ्यांतली रुईची धूळ आधी साफ करावी. मुंबईतल्या कमला मिल आवारात डिसेंबर २०१७ मध्ये लागलेल्या आगीत १४ जण दगावले. जुन्या गिरणीच्या जागेत उपाहारगृह थाटताना बाहेर पडण्याच्या वाटा किती महत्त्वाच्या, हे तिथे दिसले. राज्याचा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आराखड्याच्या पहिल्या दिवसापासून समोर ठेवावा. वापरबदलाची परवानगी २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनुसार मिळवावी लागते. तिला लागणारा वेळ वेळापत्रकात धरावा.

राहता राहिला पाहुणा. परभणी हे पर्यटनाचे गाव नव्हे. पाथरीला येणारा साईभक्त किंवा तुराबुल हक दर्ग्याच्या उरुसाला येणारा भाविक महागडी खोली क्वचितच घेईल. कृषी विद्यापीठात येणारे संशोधक, बियाण्यांचे व्यापारी, चारठाणा आणि धारासूरची मंदिरे पाहणारे अभ्यासक हा गिऱ्हाईकवर्ग खरा, पण लहान. मोकळ्या आवारामुळे लग्नांची मागणी आपोआप येईल आणि उत्पन्नही त्यातूनच जास्त. त्यासाठी मांडव जुन्या भिंतींना न बांधता वेगळ्या खांबांवर उभारावा आणि ध्वनिक्षेपक खोल्यांपासून लांब ठेवावेत. सुरुवातीला प्रेसघर आणि आठ-दहा खोल्या एवढेच उघडावे. उरलेल्या शेडचे छप्पर गळणार नाही इतकी डागडुजी करून ती तशीच ठेवावी. पहिल्या वर्षाचा हिशेब पाहून पुढचे खण घेता येतात.