कुटुंबाचा पैसा : स्वस्त शेअर कोणता?

गेल्या महिन्याच्या टपालांत एका एकत्र कुटुंबांतील थोरल्या सूनबाईंचें पत्र आलें आहे. त्यांचे मामंजी नुकतेच सेवानिवृत्त झाले. हातीं आलेल्या रकमेपैकीं कांहीं भाग शेअरांत गुंतवावा असें घरांत ठरलें. परंतु कोणत्या शेअरांत, यावर दोघां भावांचें एकमत होईना. यंत्रांचे सुटे भाग तयार करणाऱ्या दोन कंपन्या त्यांनीं निवडल्या आहेत. एकीचा शेअर ९० रुपयांस मिळतो, दुसरीचा ३,००० रुपयांस. धाकटे भावोजी म्हणतात, "९० रुपयांचा स्वस्त आहे, पुष्कळ येतील, आणि नव्वदाचे एकशेंऐशीं व्हावयास कितीसा वेळ लागणार?" थोरल्यांचें म्हणणें असें कीं, महाग वस्तु तीच टिकाऊ, लोक ३,००० रुपये कांहीं उगाच मोजीत नाहींत. मामंजी दोघांचेंही ऐकून घेतात आणि गप्प बसतात. "आपणच निवाडा करावा," असें सूनबाई लिहितात.

निवाडा करण्यापूर्वीं हें सांगणें प्राप्त आहे कीं, दोघेही बंधु एकाच वाटेनें चुकले आहेत. दोघांनींही शेअरची किंमत पाहिली. कंपनी दोघांपैकीं कोणींच पाहिली नाहीं.

घरांत नारळाच्या वड्या थापल्या म्हणजे थाळा तोच, जिन्नस तेच. परंतु कोणी त्याच्या वीस मोठ्या वड्या पाडतें, कोणी ऐशीं लहान. लहान वडी "स्वस्त" आणि मोठी "महाग" असें कोणतीही गृहिणी म्हणणार नाहीं. शेअरचें नेमकें तसेंच आहे. कंपनी हा थाळा, शेअर ही वडी. एम. आर. एफ. या टायरच्या कंपनीचा एक शेअर १३ जून २०२३ रोजीं एक लाख रुपयांच्या वर गेला, तेव्हां पुष्कळांनीं तोंडांत बोट घातलें. परंतु त्या कंपनीचे एकंदर शेअर अवघे ४२ लाखांच्या आसपास आहेत. त्याच धंद्यांतील अपोलो टायर्सचा शेअर तेव्हां कांहीं शें रुपयांत मिळत होता, कारण तिचे शेअर ६३ कोटींच्या घरांत आहेत. एकीनें वड्या थोड्या पाडल्या, दुसरीनें पुष्कळ, एवढाच किंमतींतील या तफावतीचा बहुतेक अर्थ. कंपनी आपल्या एका शेअरचे पांच करते किंवा बोनस शेअर देते, तेव्हां कित्येक घरांत पेढे वाटले जातात. वड्या वाढल्या हें खरें. थाळ्यांतील जिन्नस मात्र तोळाभरही वाढलेला नसतो.

मग तुलना करावी कशी? प्रत्येक वडींत कंपनीच्या नफ्याचा किती अंश आला, हें पाहून. समजा, पहिल्या कंपनीला वर्षाकाठीं सर्व कर भागवून ४० कोटी रुपये नफा उरतो आणि तिचे शेअर २० कोटी आहेत. म्हणजे दर शेअरमागें नफा २ रुपये. तो शेअर आपण ९० रुपयांस घेतो, म्हणजे वर्षाच्या नफ्याच्या ४५ पट मोजतो. दुसरीचा नफा १५० कोटी, शेअर १ कोटी. म्हणजे दर शेअरमागें १५० रुपये. तो ३,००० रुपयांस घेतला तर आपण २० पटच मोजले. बाजारांत या पटीस "पी-ई" म्हणतात. हाच हिशेब उलट मांडला तर घरांतील सर्वांस अधिक लवकर कळेल : पहिल्या कंपनींत घातलेल्या दर १०० रुपयांमागें वर्षास सव्वादोन रुपयांहूनही थोडा कमी नफा येतो, दुसरींत ५ रुपये. तेव्हां भावोजींचा "स्वस्त" शेअर या हिशेबानें दुपटीहूनही महाग ठरला, आणि थोरल्यांचा "महाग" शेअर स्वस्त निघाला. अर्थात् थोरल्यांनीं यावर लगेच फुशारून जाण्याचें कारण नाहीं. कारण तुलनेचें काम येथें संपत नसून येथून सुरू होतें.

पट जास्त असण्याला कधीं कधीं रास्त कारण असतें. ज्या कंपनीचा नफा वर्षानुवर्षें झपाट्यानें वाढत आहे, तिच्यासाठीं लोक अधिक मोजतात. आणि पट कमी असणें हें नेहमींच सुलक्षण नव्हे. साखर, पोलाद, सिमेंट या धंद्यांना भरती-ओहोटी असते. भरतीच्या वर्षीं नफा फुगतो, त्यामुळें किंमत नफ्याच्या पांच-सहा पटच दिसते आणि नवखा मनुष्य तुटून पडतो. पुढल्या वर्षीं दर उतरतात, नफा आटतो, आणि तीच पट तीस-चाळीस होऊन बसते. म्हणून अशा धंद्यांत एका वर्षाचा नफा धरूं नये. आठ-दहा वर्षांची सरासरी धरावी. तसेंच एखाद्या वर्षीं कंपनीनें जुनी जागा विकून मोठी रक्कम नफ्यांत दाखविली असेल, तर ती वजा घालूनच हिशेब करावा. घरांतील जुने दागिने मोडून आलेला पैसा आपण पगारांत धरतों काय?

दुसरें, तुलना सारख्याची सारख्याशींच करावी. बँकेची पट औषधांच्या कंपनीच्या पटीशीं ताडणें म्हणजे तांदूळ आणि केशर एकाच भावानें मागणें होय. कर्जाचेंही असेंच. कारखान्यावर त्याच्या स्वतःच्या भांडवलाच्या दुप्पट कर्ज असेल, तर ती चिंतेची बाब. परंतु बँकेचा व्यवहारच लोकांच्या ठेवींवर चालतो, म्हणून तेथें ठेवी पाहून घाबरण्याचें कारण नाहीं. तेथें पाहावयाचें तें हें कीं, बँकेनें दिलेल्या कर्जांपैकीं किती बुडीत जाण्याच्या वाटेवर आहेत.

तिसरें, नफा आणि रोकड यांचा मेळ बसतो कीं नाहीं हें पाहावें. उधारीवर माल विकूनही कागदावर नफा दाखवितां येतो. वार्षिक अहवालांत नफातोट्याच्या पत्रकाबरोबर रोख प्रवाहाचें पत्रकही असतें. नफा सालोसाल वाढत आहे, परंतु धंद्यांतून येणारी रोकड वाढत नाहीं, उलट येणें तेवढें फुगत चाललें आहे, असें दिसलें तर तो शेअर कितीही "स्वस्त" असो, बाजूस ठेवावा.

चौथें आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे, कंपनी चालविणाऱ्यांची वागणूक. मुलीसाठीं स्थळ पाहतांना आपण नुसता पगार विचारून परत येत नाहीं. घरावर कर्ज किती, माणसें शब्दाला जागतात कीं नाहीं, याची चौकशी करतों. येथेंही तीच करावी. मालकांनीं आपले शेअर कोठें गहाण ठेवले आहेत काय? हिशेबतपासनीस मुदतीपूर्वींच सोडून गेला आहे काय? कंपनीचा पैसा मालकांच्या नातलगांच्या कंपन्यांकडे वाहतो काय? हे प्रश्न किती मोलाचे आहेत तें हैदराबादच्या सत्यम कंपनीनें दाखवून दिलें. १६ डिसेंबर २००८ रोजीं तिच्या चालकांनीं अध्यक्षांच्या मुलांशीं संबंधित दोन कंपन्या कंपनीच्या पैशानें विकत घेण्याचा बेत जाहीर केला. भागधारकांनीं एवढा गिल्ला केला कीं, तो तत्काळ मागें घ्यावा लागला. पुढें ७ जानेवारी २००९ रोजीं अध्यक्ष रामलिंग राजू यांनीं स्वतःच लिहून दिलें कीं, हिशेबांत दाखविलेली ५,०४० कोटी रुपयांची शिल्लक अस्तित्वांतच नाहीं. त्या एका दिवसांत शेअरची तीन-चतुर्थांशांहून अधिक किंमत गेली. हिशेब तर नामांकित तपासनिसांनीं तपासलेले होते. परंतु ज्यांनीं डिसेंबरांतील ती बातमी वाचून त्याच वेळीं हात काढून घेतला, त्यांना आंकड्यांची लबाडी ओळखण्याची गरजच पडली नाहीं.

आतां आणखी एका भुलावणीविषयीं लिहिलें पाहिजे. "हा शेअर पूर्वीं ४०० होता, आतां १०० ला मिळतो, म्हणजे स्वस्तच," असें आपण नेहमीं ऐकतों. येस बँकेचा शेअर ऑगस्ट २०१८ मध्यें ४०० रुपयांच्या घरांत होता. तो निम्म्यावर आला तेव्हां लोकांनीं स्वस्त म्हणून घेतला, पाव किंमतीवर आला तेव्हां आणखी घेतला. ५ मार्च २०२० रोजीं बँकेच्या व्यवहारावर निर्बंध आले आणि दुसऱ्या दिवशीं शेअर २० रुपयांच्या आंत जाऊन पडला. नंतरच्या पुनर्रचनेंत ज्यांच्याजवळ १०० हून अधिक शेअर होते, त्यांच्या तीन-चतुर्थांश शेअरांवर तीन वर्षें न विकण्याचें बंधनही पडलें. वास्तविक २०१६-१७ या वर्षाचीं थकीत कर्जें बँकेनें दाखविलीं त्याहून ६,००० कोटींहून अधिक आहेत, असें रिझर्व्ह बँकेस आढळल्याची माहिती २०१७ सालींच प्रसिद्ध झाली होती. कालची किंमत हें आजच्या किंमतीचें माप नव्हे. घसरलेला शेअर दिसला म्हणजे "किती घसरला" हें न विचारतां "कां घसरला" हें विचारावें.

ही माहिती मिळविण्यास कोणा मोठ्या माणसाची ओळख लागत नाहीं. नोंदलेल्या प्रत्येक कंपनीचे वार्षिक अहवाल आणि तिमाही आंकडे मुंबई शेअरबाजाराच्या व राष्ट्रीय शेअरबाजाराच्या संकेतस्थळांवर कोणासही विनामूल्य पाहावयास मिळतात. दोन कंपन्यांचे दहा वर्षांचे आंकडे वहींत शेजारीं शेजारीं मांडावयास दोन-तीन रविवार पुरतात. उलट, भ्रमणध्वनीवर रोज येणारे "अमुक घ्या, महिन्यांत दुप्पट" हे निरोप म्हणजे पी हळद आणि हो गोरी. ज्यांना सल्लाच हवा, त्यांनीं 'सेबी'कडे नोंद झालेला सल्लागार गांठावा, त्याचा नोंदणी-क्रमांक पडताळून पाहावा, आणि तो आपली फी आपणांकडून घेतो कीं शेअर विकणाराकडून, हें स्पष्ट विचारावें.

आतां सूनबाईंच्या पत्राकडे वळूं. त्या पत्रांतील सर्वांत बोलकें वाक्य आम्हांस तें वाटलें, जेथें मामंजी गप्प बसतात असें लिहिलें आहे. वादाच्या भरांत दोघे भाऊ एक गोष्ट विसरले आहेत : हा पैसा मामंजींचा आहे. मुलांच्या हातीं पुढल्या महिन्याचा पगार आहे. चुकले तर ते पुन्हां मिळवतील. मामंजींना दुसरी नोकरी मिळावयाची नाहीं. तेव्हां ९० कीं ३,००० हा प्रश्न नंतरचा. आधीं मामंजी आणि सासूबाई यांच्यापाशीं बसून विचारावें कीं, दोघांच्या औषधपाण्याला, प्रवासाला आणि अडीअडचणीला किती ठेवावयाचें? तेवढी रक्कम बँकेंत किंवा टपालखात्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या योजनेंत राहूं द्यावी आणि तिला हात लावूं नये. जी रक्कम सात-आठ वर्षें लागणार नाहीं, आणि मधेंच निम्मी झाली तरी मामंजींची झोप उडणार नाहीं, तेवढीच शेअरांकडे वळवावी. अशी रक्कम निघाली नाहीं, तर वादच मिटला.

निघाली तरी ती एका कंपनींत घालूं नये, दोनांतही नको. घरांत अहवाल वाचण्यास कोणास सवड किंवा गोडी नसेल, तर पन्नास मोठ्या कंपन्यांचा वाटा एकदम देणारा, 'निफ्टी' निर्देशांकावर चालणारा फंड घेणें हें कमीपणाचें मुळींच नाहीं. त्याचा खर्च थोडा असतो आणि एक कंपनी बुडाली तरी घर बुडत नाहीं. ज्या भावाला निवड करण्याची हौस आहे, त्यानें ती स्वतःच्या बचतींतून करावी.

आणि शेअर घ्यावयाचेच ठरलें, तर खरेदीपूर्वीं वहीच्या एका पानावर चार ओळी लिहाव्या : कंपनी काय करते, तिच्या शेजारच्या कंपनीहून ती कां बरी, आपण नफ्याच्या किती पट मोजले, आणि काय घडलें तर आपण विकूं. त्या पानावर मामंजींची सही असावी. वर्षाच्या अखेरीस पान उघडून पाहावें. लिहिलेलें कारण टिकून असेल, तर भाव उतरला म्हणून घाबरूं नये. कारण नाहींसें झालें असेल, तर भाव चढला म्हणून थांबूं नये. ही वही सूनबाईंनींच ठेवावी, असें आम्ही सुचवितों. दोन्ही बाजू समतोलपणें मांडणारें पत्र त्यांनीं लिहिलें आहे. तसा हिशेब लिहिणें त्यांना अवघड जाणार नाहीं.

पुढील अंकीं वारसाची नोंद आणि घरांतील जुन्या कागदी शेअरांचें काय करावें, याविषयीं लिहूं. ज्यांच्या कपाटांत आजोबांच्या नांवचीं अशीं प्रमाणपत्रें पडून असतील, त्यांनीं तीं तूर्त नीट जपून ठेवावीं. रद्दींत घालूं नयेत.