नायकाची बायको

छत्रपती संभाजीनगरच्या आमच्या सल्ला केंद्रात परवा एक मुलगी थोरल्या बहिणीला घेऊन आली. बहिणीला नवऱ्यानं टाकलेलं. कारण काय, तर ‘डोक्यानं बरोबर नाही’. मुलीच्या हातात बी.ए.चं गाईड होतं. ‘जेन एअर’मधल्या नायक-नायिकेचं स्वभावचित्रण, म्हणे हमखास येणारा प्रश्न! रॉचेस्टर रांगडा पण आतून प्रेमळ, जेन स्वाभिमानी. आणि बर्था मेसन? ‘नायकाची वेडी पत्नी, मीलनातील अडथळा.’ संपलं.

मैत्रिणींनो, हा अडथळा कुठून आला ते बघा. शार्लट ब्राँटेची ही कादंबरी १८४७ सालची. रॉचेस्टर धाकटा मुलगा, इस्टेट सगळी थोरल्याला. म्हणून बापानं त्याच्यासाठी जमैकातली तीस हजार पौंड आणणारी मुलगी पाहिली. आपल्याकडे याला हुंडा म्हणतात. लग्न झालं की बायकोचा पैसा नवऱ्याचा, असा तिथला तेव्हाचा कायदा. तो पुरता बदलायला १८८२ उजाडलं. पैसा राहिला, बाई तिसऱ्या मजल्यावर कोंडली गेली. ती दारुडी, बदफैली, तिची आईही वेडी आणि हे आमच्यापासून लपवलं, ही सगळी नवऱ्याची जबानी. बर्थाची जबानी कादंबरीभर नाही. ती भावाला चावते, घर पेटवते, हे खरं. पण दहा वर्षं कोंडल्यावर कोण शहाणं राहील?

‘आमच्यापासून लपवलं’ हे वाक्य अर्ज लिहून घेताना मी इतक्यांदा ऐकलंय! रॉचेस्टरला वेडाच्या कारणावरून घटस्फोट मिळत नव्हता. आपल्या १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात ती वाट आहे. नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, एकत्र राहणं अशक्य व्हावं इतका तो गंभीर हवा, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८८ मध्ये सांगितलं. पण कोर्टात जातंय कोण? एस.टी.त बसवून माहेरी धाडलं की काम झालं.

जेनवर माझा राग नाही. बायको असलेल्या पुरुषाला सोडून ती उपाशीपोटी निघते, हे मोठंच. मात्र ती परतते तेव्हा तिच्या गाठीला चुलत्याच्या वारशातले पाच हजार पौंड असतात. गाईडवाले ‘स्वाभिमानी’ लिहितात, पौंड लिहीत नाहीत.

आपले हरि नारायण आपटे इंग्रजी कादंबऱ्या वाचूनच घडले; ‘मधली स्थिती’ तर रेनॉल्ड्सच्या आधारानं लिहिलेली. पण १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षात कोण घेतो?’ लिहिताना त्यांनी केशवपन झालेल्या यमूलाच ‘मी’ म्हणून बोलू दिलं. बर्थाला बोलण्यासाठी १९६६ पर्यंत, जीन ऱ्हीसच्या ‘वाइड सारगॅसो सी’पर्यंत थांबावं लागलं.

इंग्रजी शिकवणाऱ्या मैत्रिणींना एवढंच मागणं आहे: यंदा प्रश्नपत्रिका काढाल तेव्हा नायक-नायिका राहू द्या. बर्था मेसनचं स्वभावचित्र विचारा, चांगल्या दहा मार्कांना.