पडक्या घरातील देह आणि चरित्रात्मक वाचनाचा मोह

ओसाड वास्तूत मनुष्याकृती ठेवून काढलेले छायाचित्र हा प्रकार आता इतका रूढ झाला आहे, की त्याचा संकेतार्थ पाहणाऱ्याला आधीच ठाऊक असतो. पोपडे निघालेली भिंत, फुटक्या तावदानातून येणारा तिरपा उजेड आणि मधोमध एखादी विवस्त्र स्त्री. यांतून विनाश आणि सौंदर्य यांचा विरोध सूचित होतो, आणि बहुधा तेवढेच सूचित होते. भिंत सजावटीपुरती आणि देहही सजावटीपुरताच. या प्रकाराच्या संदर्भात फ्रान्सेस्का वुडमन हिचे नाव वारंवार घेतले जाते. तिची छायाचित्रे मात्र या साच्यात बसत नाहीत, आणि ती ज्या रीतीने वाचली जातात ती रीत साहित्याच्या अभ्यासकांनाही अपरिचित नाही.

वुडमनचा जन्म १९५८ साली डेन्व्हर येथे झाला. वडील चित्रकार, आई मृत्तिकाशिल्पे घडवणारी. १९७५ ते १९७८ या काळात ती ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनची विद्यार्थिनी होती. तिची बरीचशी प्रसिद्ध छायाचित्रे याच काळातील आहेत. काही प्रॉव्हिडन्स शहरातल्या पडीक घरांतली, तर काही रोममधील एका बंद पडलेल्या पास्ता कारखान्यातली. जानेवारी १९८१ मध्ये, अवघी २२ वर्षांची असताना, तिने न्यूयॉर्कमध्ये आत्महत्या केली. हे शेवटचे वाक्य एकदा कळले, की छायाचित्रे दिसेनाशी होतात. धूसर आकृती म्हणजे विरत चाललेले जीवन, पडके घर म्हणजे खचलेले मन, असे समीकरण तयार होते आणि समीक्षकाचे काम फारच सोपे होऊन बसते.

वस्तुतः ‘हाऊस’ या मालिकेतील १९७६ची छायाचित्रे नीट पाहिली तर उलटाच प्रत्यय येतो. एकीत खिडकीखाली, चुन्याच्या आणि कागदाच्या कपच्यांत एक आकृती बसलेली आहे. दुसरीत ती भिंतीला तिरक्या टेकलेल्या शेकोटीच्या चौकटीआडून सरकते आहे. कॅमेऱ्याचे शटर बराच वेळ उघडे ठेवले, तर जे हलत नाही ते स्पष्ट उमटते आणि जे हलते ते पुसट होते. त्यामुळे ढासळणारी भिंत येथे चित्रातील सर्वांत स्थिर वस्तू ठरते, तिच्या भेगा न् भेगा मोजता येतात. पुसट होतो तो जिवंत देह, आणि तो पुसट होतो कारण तो जिवंत आहे. निष्प्राण वस्तूचे छायाचित्र तर अगदी रेखीव येते! धूसरतेला मृत्यूचे चिन्ह मानणारे वाचन माध्यमाची ही साधी प्रक्रियाच विसरते.

१९८६ साली वेल्सली आणि हंटर या महाविद्यालयांच्या कलादालनांत वुडमनचे प्रदर्शन भरले, त्या निमित्ताने रोझालिंड क्राऊस यांनी ही छायाचित्रे वर्गात दिलेल्या स्वाध्यायांची उत्तरे म्हणून वाचली. हे वाचन वरवर रुक्ष वाटेल, परंतु त्याने कृतीकडे पुन्हा लक्ष वळवले. त्याला मर्यादाही आहे. स्वाध्याय सोडवण्यासाठी घरच का, आणि भिंतीच्या सुटलेल्या कागदाखाली दडणारी स्त्रीच का, हा प्रश्न त्यात मागे राहतो. त्याच वेळी अ‍ॅबिगेल सॉलोमन-गोडो यांनी मांडलेली स्त्रीवादी भूमिका येथे अधिक उपयोगी ठरते. स्त्रीला घराचा भाग मानणारी दृष्टी वुडमन शब्दशः अमलात आणते आणि त्यायोगे तिचे विचित्रपण उघडे पाडते.

मराठीत बालकवींच्या वाट्याला असेच काहीसे आले आहे. १९१८ साली भादलीजवळ रेल्वेखाली सापडून त्यांचा अंत झाला. त्यानंतर त्यांच्या कवितेतील उदासीनतेत त्या मृत्यूची चाहूल शोधण्याचा मोह अनेकांना आवरलेला नाही. मर्ढेकरांनी कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरून इतकी दशके लोटली, तरी पदव्युत्तर प्रबंधिकेचे पहिले प्रकरण ‘जीवन आणि व्यक्तिमत्त्व’ हेच असते, आणि पुढील प्रकरणे पुष्कळदा त्याचीच उदाहरणे होतात. चरित्र वर्ज्य करावे असा याचा अर्थ नव्हे. वुडमन विद्यार्थिनी होती, चित्रकार-शिल्पकारांच्या घरात वाढली होती, हेही चरित्रच आहे. पण ते सहसा उपयोगात आणले जात नाही, कारण त्यात नाट्य नाही.

तिच्या हयातीत तिचे एकच पुस्तक प्रसिद्ध झाले, तेही जानेवारी १९८१ मध्येच. त्याच्याकडे निरोपाची चिठ्ठी म्हणून पाहिले जाते. प्रत्यक्षात ते भूमितीच्या एका जुन्या इटालियन पाठ्यपुस्तकावर रचलेले आहे. छापील आकृत्या आणि सिद्धता, त्यांच्याशेजारी चिकटवलेली छायाचित्रे आणि हस्ताक्षरातील त्रोटक टिपणे असे त्याचे स्वरूप आहे. कोन, चौकोन आणि पृष्ठभाग यांच्याशी देहाचे प्रमाण ताडून पाहण्याचा जो उद्योग पडक्या घरांत सुरू झाला होता, तोच येथे कागदावर चाललेला दिसतो, आणि त्यात थट्टाही बरीच आहे.