कोणते वेबर?

काही महिन्यांपूर्वी न्यायमूर्ती काशिनाथ त्रिंबक तेलंग यांच्यावरचे एक व्याख्यान ऐकायला गेलो होतो. रामायण होमरवरून उचलले आहे काय, हा प्रश्न घेऊन तेलंगांनी १८७३ साली मुंबईत प्रोफेसर वेबर यांना इंग्रजीतून सविस्तर उत्तर दिले, हे वक्त्यांनी छान मांडले. पुढे ते म्हणाले, ‘‘भांडवलशाहीचे मूळ प्रोटेस्टंट नीतीत शोधणारे मॅक्स वेबर ते हेच.’’ मॅक्स वेबर यांचा जन्म १८६४ चा. म्हणजे तेलंगांचा प्रतिपक्षी त्या वेळी नऊ वर्षांचा होता, असा त्याचा अर्थ झाला. तेलंगांनी उत्तर दिले ते बर्लिनचे संस्कृत पंडित आल्ब्रेख्त वेबर यांना.

व्याख्यानानंतर मी हे त्यांच्या कानावर घातले. उत्तर मिळाले, ‘‘अहो, वेबर घराणे मोठ्या विद्वानांचे. यातला असो की त्यातला, मुद्दा तोच राहतो.’’ हे उत्तर मला चुकीपेक्षा जास्त लागले. आडनाव एक म्हणून घराणे एक, घराणे एक म्हणून बुद्धी एक, आणि म्हणून माणूस कोणता हे विचारायचे कारण नाही, अशी ती साखळी आहे. आडनाव ऐकताच समोरच्याची सगळी कुंडली मांडण्याची आपली सवय आपण जर्मनीपर्यंत नेली आहे.

या पूर्वपक्षाला काहीच आधार नाही असे मी म्हणणार नाही. विटेनबर्गमधल्या धर्मशास्त्राच्या एका प्राध्यापकाचे तीन मुलगे शास्त्रज्ञ झाले. थोरले एर्न्स्ट हाइन्रिख शरीरशास्त्रात, मधले विल्हेल्म भौतिकीत, धाकटे एडुआर्ड पुन्हा शरीरशास्त्रात. थोरल्या दोघांनी १८२५ साली लाटांवर एकत्र ग्रंथ लिहिला, तर धाकट्या दोघांनी १८३६ साली माणूस चालतो कसा यावर. मॅक्स वेबर यांचे बंधू आल्फ्रेड यांनीही कारखाने कुठे उभे राहतात याचा सिद्धान्त १९०९ साली मांडला. संगीतकार कार्ल मारिया फॉन वेबर यांची चुलतबहीण कॉन्स्टान्झे ही मोझार्टची पत्नी. अशी उदाहरणे समोर ठेवली की प्रतिभा आडनावातून झिरपते असे वाटू लागते. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६९ साली याच धर्तीवर प्रतिभेच्या वंशावळी मांडल्या होत्या.

पण सख्खे भाऊ एका घरात वाढतात, एकाच टेबलावरचे बोलणे ऐकतात. विटेनबर्गच्या त्या घराची ओळख क्लाड्नींशी होती. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून, कडेला गज ओढून नादाच्या आकृत्या दाखवणारे ते हेच ध्वनिशास्त्रज्ञ. ज्या मुलांनी असे काही लहानपणी जवळून पाहिले, ती पुढे लाटांवर लिहितात, यासाठी रक्ताचा दाखला लागत नाही. आणि हे विटेनबर्गचे घर वेगळे, मॅक्स वेबर यांचे वेगळे, आल्ब्रेख्त यांचे ब्रेस्लाऊचे वेगळे.

आडनावाच्या शुद्धतेचे म्हणाल, तर कार्ल मारिया यांच्या नावातले सरदारकीचे ‘फॉन’ वडिलांनी हक्क नसताना लावून घेतलेले. आणि गुरुत्वीय लहरी पकडण्यासाठी अ‍ॅल्युमिनियमचे प्रचंड दंडगोल टांगणारे जोसेफ वेबर यांची गोष्ट तर सगळा वादच मिटवते. लिथुआनियातून अमेरिकेला निघालेल्या त्यांच्या ज्यू वडिलांना मिळाला तो पासपोर्ट वेबर नावाचा होता, म्हणून ते वेबर झाले. त्या दंडगोलांनी १९६९ साली लहरी टिपल्याचा दावा जोसेफ यांनी केला, पण इतरांच्या उपकरणांत तसे काही सापडले नाही. ते २००० साली वारले. लहर खरोखर सापडली ती २०१५ च्या सप्टेंबरमध्ये, लायगो या वेगळ्याच धाटणीच्या यंत्रांत. आज हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगोची भारतीय वेधशाळा उभारली जात आहे. दावा टिकला नाही, तरी प्रयोगाने या लहरी शोधता येतील या हिमतीची सुरुवात या माणसापासून आहे. त्या हिमतीचे श्रेय कुठल्या घराण्याला द्यायचे? पासपोर्टावरच्या अनोळखी वेबराच्या घराण्याला?

आता माझे म्हणणे. वेबर म्हणजे विणकर, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मध्ययुगात जर्मन गावोगावी माग होते, गावोगावी कुणी ना कुणी ‘विणकर’ म्हणून ओळखला जात होता, आणि ते नाव मुलाबाळांना चिकटले. मूळपुरुष एक नाहीच. इंग्लंडात तोच वेबस्टर झाला, फ्रान्समध्ये तिसेराँ, हंगेरीत ताकाच. आडनाव एका धंद्याची आठवण सांगते, आणि ती आठवण मला मोलाची वाटते. मॅक्स वेबर यांचे आजोबा बीलेफेल्डचे तागाच्या कापडाचे व्यापारी होते. प्रोटेस्टंट नीतीवरच्या निबंधात मॅक्स यांनी एक तरुण व्यापारी रंगवला आहे. तो खेड्यात जाऊन विणकर पारखून निवडतो, त्यांच्यावर देखरेख कडक करतो आणि शेतकरी-विणकरांचे मजूर करून टाकतो. हे चित्र त्यांच्या काकांवरून घेतले असे अभ्यासक मानतात. इथे घराण्याचा माहितीला उपयोग झाला, हे मी आनंदाने मान्य करतो. पण तो ‘वेबर’ या शब्दामुळे झाला नाही, त्या घरातल्या व्यवहारामुळे झाला.

मुद्दा तोच राहतो का, हे तेलंगांच्या बाबतीत पाहू. आल्ब्रेख्त वेबर यांचा युक्तिवाद ग्रंथांचा होता. दशरथ जातकात सीता ही रामाची बहीण आहे आणि तिचे हरण नाही. ती बौद्ध कथा आधीची, आणि पत्नीचे अपहरण व तिच्यासाठीचे युद्ध हा भाग होमरच्या ओळखीतून नंतर आलेला, असे ते म्हणत. तेलंग तेव्हा जेमतेम बाविशी ओलांडलेले. त्यांनी आवाज चढवला नाही. जातक आधीचे हे गृहीत धरता येत नाही, आणि जे साम्य दाखवले जाते ते उसनवारी सिद्ध करायला पुरत नाही, हे त्यांनी एकेक पुरावा तपासून दाखवले. पतंजलीच्या काळावरून रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीही याच आल्ब्रेख्तांशी त्याच सुमारास वाद घातला. इथे मॅक्स यांना आणून बसवले की ग्रंथांच्या कालनिर्णयाचा हा बारीक वाद पूर्व विरुद्ध पश्चिम अशा सरधोपट भांडणात बुडून जातो. तेलंगांनी केलेले नेमके काम दिसेनासे होते. आणि बर्लिनच्या राजग्रंथालयातल्या संस्कृत पोथ्यांची सूची करणाऱ्या, शुक्ल यजुर्वेद संपादून छापणाऱ्या माणसाची मेहनत दुसऱ्याच्या खात्यावर जाते.

विल्हेल्म यांचेही तेच. चुंबकीय फ्लक्सच्या एककाला त्यांचे नाव आहे, त्यामुळे अकरावी-बारावीच्या मुलांना ‘वेबर’ ठाऊक असतो तो केवळ एक माप म्हणून. गणितज्ञ गाउस यांच्याबरोबर त्यांनी १८३३ साली ग्योटिंगनच्या छपरांवरून तार टाकून संदेश पाठवले. चारच वर्षांनी, ग्योटिंगन ज्या राज्यात होते त्या हॅनोवरच्या राजाने राज्यघटना रद्द केली, तेव्हा निषेधपत्रावर सही करणाऱ्या सात प्राध्यापकांत ग्रिम बंधूंसोबत तेही होते. सातही जणांची नोकरी गेली. वर्गात एकक सांगताना ही सहीसुद्धा एक मिनिट सांगावी, असे मला मनापासून वाटते.

थोरल्या एर्न्स्ट हाइन्रिख यांनी हातात वजने देऊन दाखवले की फरक कळतो तो मूळ वजनाच्या प्रमाणात. उचललेल्या वजनाला साधारण चाळिसावा भाग. एक किलो हाती असेल तर पंचवीस ग्रॅमचा फरक कसाबसा जाणवेल, दहाचा नाही. मानसशास्त्रातला वेबरचा नियम तो हा. त्याचा समाजशास्त्रातल्या वेबरांशी काडीचा संबंध नाही, तरी उत्तरपत्रिकांत तो जोडलेला मी स्वतः पाहिला आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परक्या विद्वानाचे नाव पहिल्यांदा घेताना पूर्ण घ्या, साल द्या, गाव द्या. तेलंग म्हणताना आपण कोणते तेलंग ते सांगतोच.

आणि आडनावालाच मान द्यायचा असेल, तर तो ज्यांचा आहे त्यांना द्या. जून १८४४ मध्ये सायलेशियातले उपाशी विणकर मजुरी वाढवून मागत व्यापाऱ्यांच्या दारांवर चालून गेले, आणि प्रशियाच्या सैन्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. गेरहार्ट हाउप्टमान यांनी त्यांच्यावर नाटक लिहिले, त्याचे जर्मन नाव ‘डी वेबर’, म्हणजे विणकर. आल्ब्रेख्त वेबर तेव्हा एकोणीस वर्षांचे होते आणि त्याच सायलेशियाची राजधानी असलेल्या ब्रेस्लाऊचे होते. त्यांचे आडनाव आणि गोळ्या खाणाऱ्यांचा धंदा, दोन्हींसाठी तिथल्या भाषेत शब्द एकच होता.