पाच दिवसांचे औषध, अकरा दिवसांची बाटली

मा. आयुक्त,
अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
मुंबई



पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी माझे मेडिकल आहे. भिंतीवर आपल्या खात्याने दिलेला परवाना टांगलेला आहे आणि त्याच्या शेजारी माझे फार्मासिस्ट म्हणून नोंदणीचे प्रमाणपत्र. या दोन चौकटींच्या नात्याने हे पत्र लिहितो आहे. विषय किरकोळ वाटेल, कारण तो नाकात टाकायच्या थेंबांचा आहे. भेसळ, बनावट औषधे, गुंगीच्या गोळ्या अशा मोठ्या प्रकरणांनी आपले टेबल भरलेले असणार, याची कल्पना आहे. तरीही हे पत्र पूर्ण वाचावे, अशी विनंती करतो.

गणपती गेले, पाऊस ओसरला की आमच्याकडे शिंकांचा मोसम सुरू होतो. रस्त्याच्या कडेला, पडीक वावरात, शाळेच्या कुंपणाला लागून गाजरगवत पांढरे फुलते. अमेरिका खंडातून आलेल्या या तणाची पुण्यात 1950 च्या दशकात नोंद झाली आणि नंतर ते देशभर पसरले. त्याचे परागकण अनेकांच्या नाकाला सोसत नाहीत. त्यात सोयाबीनच्या मळणीची धूळ, पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतींवरची बुरशी, आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून, गाद्यांतून उडणारे सगळे काही. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची माळ लागते, नाक गळते, डोळे आणि टाळू खाजतात, रात्री नाक चोंदते. ताप नसतो, अंग दुखत नाही, पण महिना महिना हे सरत नाही. डॉक्टरांच्या पुस्तकात याला ॲलर्जिक ऱ्हायनायटिस किंवा हे फीव्हर म्हणतात. काउंटरवर मात्र एकच वाक्य येते: ‘नाक बंद आहे, ते थेंब द्या.’

ते थेंब म्हणजे झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन. चिठ्ठी कुणी आणत नाही आणि बहुतेक दुकानांत कुणी मागतही नाही. काम मात्र ते चोख करतात. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना मांसल वळ्या असतात. ॲलर्जीत त्यांतल्या रक्तवाहिन्या फुगतात आणि हवेची वाट बुजते. हे औषध त्या रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे काही मिनिटांत श्वास मोकळा होतो आणि पुढचे काही तास मोकळा राहतो. रात्रभर तोंडाने श्वास घेऊन घसा कोरडा पडलेल्या माणसाला हा चमत्कारच वाटतो.

अडचण पुढे येते. काही दिवस सलग वापरल्यावर औषधाचा अंमल उतरताच रक्तवाहिन्या पुन्हा फुगतात, कधी पहिल्यापेक्षाही जास्त. अंमल टिकण्याचा वेळ कमी होत जातो. माणूस पुन्हा थेंब टाकतो. दोनदाचे तीनदा होते, तीनदाचे पाचदा. मूळ ॲलर्जी कधीच मागे पडलेली असते आणि आता नाक बंद होते ते औषधामुळेच. वैद्यकात या विकाराला ऱ्हायनायटिस मेडिकामेंटोसा असे नाव आहे. हे थेंब ॲलर्जीवर काम करतच नाहीत. शिंका, खाज, पाण्यासारखे गळणारे नाक यांवर त्यांचा उपयोग नाही. ते सूज उतरवतात, तीही तात्पुरती.

असे गिऱ्हाईक मी काउंटरच्या या बाजूने ओळखतो. ते औषधाचे नाव घेत नाही, खिशातली रिकामी बाटली दाखवते. एक उशाशी, एक गाडीत, एक कामाच्या ठिकाणी असा त्याचा हिशेब असतो. ‘मला सायनसचा त्रास आहे,’ असे ते सांगते. कधी कधी ‘ऑपरेशन सांगितलंय’ हेही सांगते. त्यातल्या किती जणांचे नाक थेंब थांबवले असते तर मोकळे झाले असते, हे कान-नाक-घशाचे डॉक्टरच तपासून सांगू शकतील. पण थेंब थांबवा, असे त्यांना आधी कुणी सांगितलेले नसते.

आता त्याच कपाटातली दुसरी बाटली पाहा. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन या स्टिरॉइडचा नाकात मारायचा फवारा. सतत छळणाऱ्या ॲलर्जीवर डॉक्टरांची पहिली पसंती याच वर्गाला असते, कारण तो सुजेच्या मुळाशी काम करतो. कायद्याने तो डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच द्यायचा असतो. पण त्याचा गुण मिनिटांत येत नाही. थोडा फरक पहिल्या एक-दोन दिवसांत जाणवू शकतो, पुरता फायदा दिसायला आठवडा-दोन आठवडे रोज न चुकता मारावा लागतो. ज्यांचा मोसम ठरलेला आहे त्यांनी तो आधीच सुरू करावा, असे डॉक्टर सांगतात. आमच्या भागापुरते बोलायचे तर गाजरगवत फुलायच्या आधी.

चिठ्ठी घेऊन आलेले लोक या फवाऱ्याचे काय करतात? दोन दिवस मारतात, ‘काही फरक नाही’ म्हणून बाजूला ठेवतात आणि थेंबांकडे वळतात. काही जण स्टिरॉइड हा शब्द ऐकूनच परत करतात. शरीर कमावणाऱ्यांची इंजेक्शने आणि नाकातला फवारा यांची त्यांच्या मनात गल्लत झालेली असते. या नव्या फवाऱ्यांतले औषध रक्तात फारच थोडे उतरते, फ्लुटिकासोनच्या फवाऱ्यात दोन टक्क्यांहूनही कमी, हे त्यांना कुणी सांगत नाही. ज्यांनी धीर धरून वापरला, त्यांतले अनेक तो चुकीचा मारतात. मान मागे टाकतात, जोरात ओढतात, औषध घशात उतरते. नळी नाकाच्या मधल्या पडद्याकडे धरतात, मग पडदा सोलवटतो आणि रक्त येते. खरे तर बाटली हलवावी, नवी असेल तर हवेत दोन-चार वेळा दाबून फवारा नीट येऊ द्यावा, मान जराशी पुढे झुकवावी, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत आणि डाव्या हाताने उजव्या नाकपुडीत, टोक बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे रोखून मारावे आणि हळूच श्वास घ्यावा. हे करून दाखवायला दोन मिनिटे पुरतात. पण ती दोन मिनिटे कुणाच्याच कामात धरलेली नाहीत. डॉक्टरांकडे रांग असते आणि आमच्याकडे गर्दी.

थोडक्यात आपल्या राज्यातल्या काउंटरवर उलटाच प्रकार चालला आहे. जे औषध पाच दिवसांत थांबवायचे, ते महिनोन्महिने चालते. जे महिनाभर चालवायचे, ते दोन दिवसांत थांबते.

मे 2022 मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एक मसुदा प्रसिद्ध केला. त्यात चिठ्ठीशिवाय विकता येतील अशा 16 औषधांची यादी होती. तीत नाकात टाकायच्या मीठपाण्याबरोबर झायलोमेटाझोलिन आणि ऑक्सिमेटाझोलिनही होते. अट अशी होती की हे औषध पाच दिवसांपेक्षा जास्त दिवसांसाठी देऊ नये आणि तेवढ्यात बरे वाटले नाही तर रुग्णाने डॉक्टरांकडे जावे. अट योग्यच आहे. पण काउंटरवर उभे राहून ती वाचली की हिशेब जुळत नाही.

हिशेब असा. प्रौढांसाठीची नेहमीची बाटली 10 मिलिलिटरची. एका मिलिलिटरात साधारण 20 थेंब, म्हणजे बाटलीत 200. प्रत्येक नाकपुडीत तीन थेंब, दिवसातून तीन वेळा, असा भरपूर वापर धरला तरी दिवसाला 18 थेंब होतात. बाटली अकरा दिवस पुरते. दोन-दोन थेंब टाकणाऱ्याला ती सोळा दिवस पुरते. पाच दिवसांना लागणारे थेंब भरतात 90, म्हणजे साडेचार मिलिलिटर. पाच दिवसांचा नियम आणि अकरा दिवसांची बाटली एकत्र दिली, तर नियम हरणार आणि बाटली जिंकणार. घरात उघडलेले औषध अर्धे टाकून देणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बाटली लहान केल्याने काय होते, असे कुणी विचारील. सप्टेंबर 1998 मध्ये ब्रिटनने पॅरासिटामॉलच्या पाकिटातल्या गोळ्यांवर मर्यादा घातली: साध्या दुकानात 16 आणि औषधांच्या दुकानात 32. पॅरासिटामॉल तिथे विकत मिळतेच, पण त्याच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू त्यानंतर घटले. माणसाची सवय बदलायला व्याख्यानापेक्षा पाकिटाचे माप उपयोगी पडते, हे तिथे दिसून आले.

हे थेंब घरातल्या सगळ्यांसाठी सारखे नाहीत, याची जाणीवही काउंटरवर क्वचितच दिली जाते. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू, थायरॉइडचा विकार, प्रोस्टेटची वाढ असलेल्यांनी विचारल्याशिवाय ते वापरू नयेत. लहान मुलांची बाटली वेगळी, कमी ताकदीची असते आणि मोठ्यांची बाटली त्यांना कधीच द्यायची नसते. ऑक्टोबर 2012 मध्ये अमेरिकेच्या एफडीएने पालकांना इशारा दिला होता की ऑक्सिमेटाझोलिनसारखी द्रव औषधे एक-दोन मिलिलिटर इतकी जरी लहान मुलाच्या पोटात गेली, तरी गंभीर परिणाम होऊ शकतात. आपल्याकडे हीच बाटली टीव्हीशेजारच्या फळीवर झाकण न लावता पडलेली असते. तिच्यावरचा मजकूर बारीक इंग्रजीत असतो. तो आजीला वाचता येत नाही आणि चष्म्याशिवाय मलाही.

एक गोष्ट स्पष्ट करतो. थेंबांवर बंदी घाला, प्रत्येक बाटलीला चिठ्ठी सक्तीची करा, असे मी म्हणत नाही. विमानप्रवासाला निघालेल्या किंवा सर्दीने रात्रभर झोप न लागलेल्या माणसाला दोन-चार दिवस हे औषध उपयोगीच आहे. आमच्या गावात कान-नाक-घशाचे डॉक्टर नाहीत, तालुक्यातल्या अनेक गावांत तर साधे डॉक्टरही संध्याकाळीच भेटतात. चिठ्ठीची सक्ती कागदावर राहील आणि विक्री तशीच चालेल. अमेरिकेत स्टिरॉइडचे नाकातले फवारेही 2013 पासून टप्प्याटप्प्याने चिठ्ठीशिवाय मिळू लागले आणि ब्रिटनमध्येही ते प्रौढांना औषधांच्या दुकानात विकत घेता येतात. उद्या आपल्याकडेही तो निर्णय होईल. माझा त्याला विरोध नाही. पण चिठ्ठी काढून टाकली की तिच्या जागी बोलणारा माणूस हवा. तो नसेल तर फवाऱ्याचेही थेंबांसारखेच होईल.

तो माणूस कायद्याने आजही नेमलेला आहे. भारतीय फार्मसी परिषदेच्या 2015 च्या नियमांनी रुग्णाला समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम ठरवलेले आहे. दुकानात नोंदणीकृत फार्मासिस्ट हजर असावा, हा आग्रह 2012 च्या सुमारास आपल्याच खात्याने धरला होता आणि आमच्या व्यवसायातून त्याला केवढा विरोध झाला, हेही सर्वांना आठवत असेल. मी त्या व्यवसायातलाच आहे, म्हणून अडचणही सांगतो. मी एकट्याने ‘आठवडा झाला, आता थेंब नको, डॉक्टरांना दाखवा’ असे म्हटले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. तिथे नाही मिळाले तर मोबाइलवरून मागवते. माझी विक्री गेली आणि त्याचे नाक होते तसेच राहिले. म्हणून हे एका दुकानदाराच्या चांगुलपणावर सोडून चालणार नाही. नियम सगळ्यांना एकच हवा.

लेबलाचे आणि बाटलीच्या मापाचे नियम दिल्लीत ठरतात, हे मी जाणतो. पण दुकानांचे परवाने आपण देता, तपासणी आपले औषध निरीक्षक करतात आणि केंद्राकडे राज्याचे म्हणणे मांडण्याचा अधिकार आपला आहे. म्हणून चार मागण्या करतो.

एक, नाक मोकळे करणाऱ्या थेंबांची 5 मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चिठ्ठीशिवाय विकू नये, अशी शिफारस राज्याने केंद्राकडे करावी.

दोन, बाटलीच्या दर्शनी बाजूला मराठीत, ठळक अक्षरांत ‘सलग पाच दिवसांपेक्षा जास्त वापरू नका’ असे छापण्याची शिफारस करावी आणि उघडल्याची तारीख लिहायला जागा ठेवायला सांगावी. मीठपाण्याचा फवारा आणि हे थेंब एकाच नावाने, एकसारख्या खोक्यात विकायची पद्धत बंद व्हावी. मीठपाणी रोज चालते, थेंब चालत नाहीत, आणि खोके पाहून हा फरक कळत नाही.

तीन, दिल्लीच्या उत्तराची वाट न पाहता आपल्या अखत्यारीत एक परिपत्रक काढावे. प्रत्येक मेडिकलमध्ये काउंटरसमोर मराठी फलक असावा. मजकूर मी सुचवतो: ‘नाकाचे थेंब पाच दिवसच. नाक तरीही बंद राहिले तर डॉक्टरांना दाखवा. रक्तदाब, हृदयविकार, काचबिंदू असेल तर आधी विचारा. मोठ्यांचे थेंब मुलांना देऊ नका. बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका.’ पाच वाक्ये आहेत, छपाईचा खर्च आम्ही दुकानदार करू.

चार, औषध निरीक्षक तपासणीला येतात तेव्हा बिले आणि फ्रीजचे तापमान पाहतात, तसा एक प्रश्न फार्मासिस्टला विचारावा: नाकाचा फवारा कसा मारायचा, करून दाखवा. ज्याला येत नाही त्याला दंड नको, प्रशिक्षण द्यावे. फवारे चिठ्ठीशिवाय विकायची वेळ येईल, तेव्हा ती परवानगी या प्रशिक्षणाशी जोडावी.

यातली तिसरी मागणी आपल्या एका सहीने पूर्ण होऊ शकते, म्हणून तिच्यापासून सुरुवात व्हावी. गाजरगवत दरवर्षी ठरल्या वेळी फुलते. पुढचा मोसम सुरू होण्याआधी परिपत्रक निघाले तर राज्यातल्या काउंटरवर निदान एक वाक्य सगळीकडे सारखे बोलले जाईल. परिपत्रक काढायचे नाही असे ठरले, तर त्याचे कारण लेखी कळवावे. ते कारणही मी गिऱ्हाइकांना दिसेल असे, परवान्याशेजारी लावीन.

कळावे,
आपला,
एक नोंदणीकृत फार्मासिस्ट